महासंगणकाची आरती आणि सहाशे डॉलरचं कार्ड

वर्षातून दोनदा, जूनमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये, जगातल्या सर्वांत वेगवान पाचशे कम्प्युटरांची यादी जाहीर होते. 'टॉप फाइव्ह हंड्रेड' म्हणतात तिला. यादी आली की आपल्या पेपरांत एक ठरलेली बातमी येते: भारताचा अमुक महासंगणक अमुकव्या क्रमांकावर. सोबत काळ्या कपाटांच्या रांगेचा फोटो. दोन-चार दिवस अभिमान, मग पुढच्या यादीपर्यंत सामसूम. पूर्वीच्या बोर्डाच्या मेरिट लिस्टसारखंच म्हणा ना. पहिला कोण आला ते सगळ्या गावाला पाठ, बाकीच्या वर्गाचं काय झालं ते कोणी विचारायचं नाही.

माझं भांडण त्या बाकीच्या वर्गासाठी आहे. महासंगणक नकोत असं माझं म्हणणं नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे अर्ध्या लोकांचा राग इथेच शांत होईल. हवामानाला लागतात, औषधांना लागतात, अणुभट्ट्यांना लागतात. पण पॅरलल कम्प्युटिंग म्हणजे महासंगणक, आणि महासंगणक म्हणजे पुण्या-बंगलोरच्या एसी खोलीतली वस्तू, ही जी समजूत आपण पोसली आहे तिने वर्धा, यवतमाळ, गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांतल्या पोरांचं फार नुकसान केलं आहे. आणि गंमत अशी की ही समजूत खोटी ठरवणारं काम आपल्याच देशात, आपल्याच रस्त्यावर, २००७ साली होऊन गेलं.

त्या वर्षाचे शेवटचे दोन महिने बघा.

नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्याचा 'एका' हा महासंगणक यादीत थेट चौथा आला. टाटांच्या कम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजने तो उभारला होता. १,७९४ नोड, १४,३५२ कोअर, आणि लिनपॅक नावाच्या चाचणीत ११७.९ टेराफ्लॉप, म्हणजे सेकंदाला सुमारे ११८ लाख कोटी गणितं. आशियात पहिला. खर्च तीन कोटी डॉलरच्या घरात असल्याचं तेव्हा छापून आलं होतं. आनंद झाला, व्हायलाच हवा होता.

डिसेंबर २००७ मध्ये, म्हणजे जेमतेम महिन्याभराने, गोव्यात हाय परफॉर्मन्स कम्प्युटिंगची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तिथे हैदराबादच्या ट्रिपल आयटीतले प्राध्यापक पी. जे. नारायणन आणि त्यांच्यासोबत काम करणारे पवन हरीश यांचा एक पेपर आला. विषय: मोठमोठ्या ग्राफवरचे मूलभूत अल्गोरिदम ग्राफिक्स कार्डावर कसे चालवायचे. (ग्राफ म्हणजे शाळेतला आलेख नव्हे. ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा: गावं आणि रस्ते, माणसं आणि ओळखी.) एक कोटी ठिपक्यांच्या ग्राफमध्ये एका ठिपक्यापासून बाकी सगळ्यांपर्यंतचे सर्वांत जवळचे मार्ग त्यांनी दीड सेकंदात काढले. कशावर? एन्व्हिडियाच्या ८८०० जीटीएक्स या कार्डावर. पोरं गेम खेळायला घेतात ते कार्ड. किंमत सहाशे डॉलर, तेव्हाच्या भावाने चोवीस हजार रुपयांच्या आसपास.

या पेपराबद्दल पेपरात (म्हणजे वर्तमानपत्रात!) काही आल्याचं मला आठवत नाही. फोटो तरी कशाचा छापणार? एक कार्ड, त्यावर एक पंखा.

मला त्या पेपरातली सर्वांत आवडती गोष्ट म्हणजे त्याचा सारांश. शास्त्रज्ञ मंडळी सहसा सारांशात किंमत लिहीत नाहीत, ते दुकानदाराचं काम. इथे सुरुवातीलाच म्हटलंय की असली कामं मोठ्या यंत्रांवर होतात खरी, पण ती यंत्रं मोजक्याच लोकांच्या हाती असतात. आणि पुढे कार्डाच्या नावासोबत त्याची किंमत. म्हणजे वेगाइतकाच 'कोणाला परवडेल' हाही निकालाचाच भाग. माझ्या मते ही राजकीय भूमिका आहे, आणि फार चांगली आहे.

हैदराबाद आम्हा हिंगणघाटवाल्यांना परकं नाही, तेही सांगून टाकतो. नागपूरहून निघणारा महामार्ग जाम, हिंगणघाट, वडनेर करत पांढरकवड्यावरून आदिलाबादला आणि तिथून थेट हैदराबादला जातो. आमच्याकडच्या सरकीचे ट्रक त्या रस्त्याने जातात. विद्या मात्र उलट दिशेने आली नाही.

आता यात एवढं विशेष काय, ते जरा सविस्तर सांगतो. कारण हा भाग समजला नाही तर पुढचं भांडण नुसतं भांडणच वाटेल.

लग्नातली पंगत डोळ्यासमोर आणा. बुफे नव्हे, खरी पंगत. एका रांगेत बत्तीस पानं. वाढपी 'वरण' म्हणत आला की बत्तीसही पानांवर वरण पडणार. तुम्हाला वरण नको असेल तर पानावर हात आडवा धरा, पण तुमच्या एकट्यासाठी तो मठ्ठा आणायला पळणार नाही. तुम्ही नुसते बसून राहाल. आणि शेवटच्या काकांचा बुंदीचा शेवटचा घास होईपर्यंत पंगत उठत नाही. ग्राफिक्स कार्डाच्या पोटात हेच चालतं. बत्तीस थ्रेडची एक पंगत, तिला 'वार्प' म्हणतात, आणि तिला एका वेळी एकच हुकूम. ज्यांना तो लागू नाही ते गप्प बसतात. दुसरी गोष्ट, मेमरीतून एखादा आकडा मागवला तर तो यायला शेकडो घड्याळठोके लागतात. साधा प्रोसेसर हा वेळ वाचवायला कॅशसारखी नाना सोंगं करतो. कार्ड सरळ शेजारच्या पंगतीत वाढायला जातं. भाजी येईपर्यंत तिकडे पोळ्या. त्या ८८०० जीटीएक्समध्ये वाढपी १२८, आणि मांडवात एका वेळी बसलेले थ्रेड १२,२८८ पर्यंत.

आता ग्राफ. एका ठिपक्यापासून सुरुवात करून बातमी सगळीकडे किती फेऱ्यांत पोचते ते काढायचंय. ब्रेड्थ फर्स्ट सर्च. कॉलेजात शिकवतात ती रीत रांगेची: एक मुनीम, त्याच्यापुढे क्यू. पहिल्याला बोलाव, त्याच्या शेजाऱ्यांची नावं रांगेच्या शेवटी लिही, मग पुढचा. प्रत्येक ठिपका एकदाच, प्रत्येक रेघ एकदाच. कागदावर याहून कमी कष्टाची रीत नाही.

पण रांग आली की मुनीम एकच. पंगतीत बसलेले हजारो लोक त्याच्या तोंडाकडे बघत बसणार. हरीश-नारायणन यांनी रांगच काढून टाकली. प्रत्येक ठिपक्याला एक थ्रेड. प्रत्येक फेरीत प्रत्येक जण स्वतःलाच विचारतो, 'मागच्या फेरीत बातमी माझ्यापर्यंत आली का?' नसेल तर गप्प. असेल तर ज्या शेजाऱ्यांनी अजून ऐकली नाही त्यांना सांग आणि त्यांच्या नावापुढे फेरीचा आकडा लिही. दोघांनी एकाच वेळी एकाच शेजाऱ्याला सांगितलं तरी बिघडत नाही, दोघेही तोच आकडा लिहिणार. कुलूप नको, पहारा नको. काम दोन टप्प्यांत केलंय, आधी सगळ्यांनी सांगून घ्यायचं आणि मगच नव्याने ऐकलेल्यांची नोंद पक्की करायची, म्हणजे फेरीच्या मध्येच ऐकलेला माणूस त्याच फेरीत बोलायला लागत नाही. ज्या फेरीत कोणीच नवीन काही ऐकलं नाही तिथे खेळ संपला. दोन छोटे कर्नल. वहीच्या एका पानावर मावतील.

हिशेब केला तर ही रीत उधळपट्टीची आहे. दर फेरीला एक कोटी जण उठून बहुतेक वेळा 'नाही' एवढंच म्हणतात. आमच्या परीक्षेत कोणी असं उत्तर लिहिलं असतं तर परीक्षकाने मार्क कापले असते. आणि तरी ती जिंकते, कारण ते कोटी 'नाही' जवळजवळ फुकट असतात. एकट्या मुनिमासाठी जी सर्वोत्तम रीत, ती हजारोंसाठी सर्वोत्तम असेलच असं नाही, हे त्या पेपराने आकडे देऊन दाखवलं.

सगळीकडे ही रीत चालत नाही हेही खरं. एका ठिपक्याला हजारो शेजारी आणि दुसऱ्याला दोनच असतील तर शेवटच्या काकांची बुंदी संपेपर्यंत सगळी पंगत अडकते. रस्त्यांच्या नकाशात प्रत्येक चौकाला दोन-तीनच फाटे आणि फेऱ्या शेकडो, तिथे कार्डाचा फायदा वितळून जातो. पुढे २०१२ साली मेरिल, गारलँड आणि ग्रिमशॉ यांनी अमेरिकेत याहून काटकसरीची रीत काढली. पण मधल्या काळात व्हर्जिनिया विद्यापीठाने २००९ साली कार्डांची परीक्षा घ्यायला 'रोडिनिया' नावाचा प्रोग्रॅमचा संच केला, त्यातला ब्रेड्थ फर्स्ट सर्च हा हैदराबादचाच, कोडच्या डोक्यावर ट्रिपल आयटीच्या नावासकट. जगभरच्या संशोधकांनी वर्षानुवर्षं आपली नवी हार्डवेअर त्या वहीच्या पानावर घासून बघितली.

नारायणन यांना हे का सुचलं असावं याबद्दल माझा एक अंदाज आहे. त्यांची पीएचडी मेरीलँडची, १९९२ ची, आणि त्या काळात त्यांनी सिमड यंत्रांवर लिहिलं होतं. सिमड म्हणजे हीच पंगत: हुकूम एक, पानं हजार. त्या यंत्रांतलं सर्वांत गाजलेलं 'कनेक्शन मशीन'. ते करणारी थिंकिंग मशीन्स ही कंपनी १९९४ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि सिमडचा बाजार उठला असं सगळे म्हणाले. नंतर कार्नेगी मेलनमध्ये ताकेओ कानाडे यांच्यासोबत त्यांनी कॅमेऱ्यांच्या घुमटातून त्रिमिती दृश्य उभं करण्याचं काम केलं, म्हणजे ग्राफिक्सशी गाठ पडली. २००७ मध्ये एन्व्हिडियाने कार्डावर सी भाषेसारखा प्रोग्रॅम लिहायची सोय दिली, 'कुडा'. ज्याने पंगत आधी वाढली होती त्याला मांडव लगेच ओळखू आला. जुनं, 'कालबाह्य' ठरलेलं ज्ञान असं उपयोगी पडतं. यंत्र मरतं, विचार करायची सवय मरत नाही.

हेच 'परम'बद्दलही म्हणता येईल, पण आपण ते म्हणत नाही. परमची गोष्ट आपण कशी सांगतो? अमेरिकेने क्रे महासंगणक द्यायला खळखळ केली, मग १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक निघालं, डॉ. विजय भटकरांनी १९९१ मध्ये परम ८००० करून दाखवला, अमेरिकेचं नाक कापलं. टाळ्या. भटकर मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे, शिकले नागपूरच्या व्हीआरसीईत, तेव्हा या टाळ्यांत विदर्भाचाही हक्काचा वाटा. (वर्धा नदीच्या पलीकडचे असले म्हणून काय झालं!)

पण त्या परममधला प्रोसेसर ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचा 'ट्रान्सप्युटर' होता. ती कंपनी १९८९ मध्येच विकली गेली, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत ट्रान्सप्युटर संपला. परमच्या पुढच्या पिढ्या सनच्या स्पार्क प्रोसेसरांवर गेल्या. आणि २०२० मधला परम सिद्धी-एआय एन्व्हिडियाच्या ए-१०० चिपांवर उभा आहे, २०२३ च्या जूनमध्ये यादीत ७५ वा आलेला 'ऐरावत'सुद्धा. कपाटं बदलली, चिपा बदलल्या, देश बदलले. टिकली ती फक्त काम वाटून द्यायची अक्कल असलेली माणसं. मग मोजायची ती माणसं की कपाटं?

आपण कपाटं मोजतो. २०१५ चं नॅशनल सुपरकम्प्युटिंग मिशन: ४,५०० कोटी रुपये, सत्तर महासंगणक. मार्च २०२४ चं इंडिया एआय मिशन: १०,३७२ कोटी रुपये, दहा हजारांहून जास्त जीपीयू, पुढे २०२५ मध्ये आकडा अडतीस हजारांवर गेल्याचं सरकारने सांगितलं. यांत प्रशिक्षणाचीही कलमं आहेत, नाहीत असं नाही. पण मथळा कशाचा होतो ते बघा. आणि त्या अडतीस हजार चिपांवर लिहिणार कोण, आर्वीचं पोरगं की बाहेरून आणलेला सल्लागार, हा प्रश्न कोणी विचारलेला मी अजून वाचला नाही.

आता घरची गोष्ट. आमच्या जिल्ह्यातल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात (नाव घेत नाही, कुठलंही घ्या) मागे पोरांशी बोलायला गेलो होतो. 'पॅरलल कम्प्युटिंग' हा विषय अभ्यासक्रमात आहे. काय शिकता, विचारलं. फ्लिनचं वर्गीकरण. सिमड आणि मिमड यांतला फरक आकृतीसह स्पष्ट करा, सात मार्क. हायपरक्यूबची आकृती, सहा मार्क. ॲमडाल्हचा नियम. 'यातलं काही चालवून पाहिलं का?' वर्ग हसला. एक पोरगी म्हणाली, 'सर, ते प्रॅक्टिकलला नसते.' तिचा काही दोष नाही, ते प्रॅक्टिकलला खरंच नसतं. लॅबमध्ये तीसेक मशीन होती, प्रत्येकीत इंटेलचं चिकटवलेलं ग्राफिक्स. त्याच्यावरही ओपनसीएल चालतं, म्हणजे पंगत तिथेही मांडलेली होती. तीस मांडव सजवलेले आणि आत आम्ही 'पंगत म्हणजे काय, आकृती काढा' विचारतोय.

विभागप्रमुखांशी चहा घेताना मी हे काढलं. माणूस सज्जन. म्हणाले, 'अहो, तुम्ही पुण्यात राहून बोलता. आपल्या पोरांना एवढं कुठं झेपते? आधी त्यांना सी नीट येऊ द्या.' मग म्हणाले, 'आणि महासंगणक काय इथं येणार आहे का बाप्पा?'

हे दोन्ही आक्षेप मी शंभर वेळा ऐकलेत, म्हणून त्यांचं उत्तर देतो.

झेपत नाही म्हणता. वरचे ते दोन कर्नल पाहा. ॲरे, इंडेक्स, एक इफ, एक फॉर. पॉइंटर येणाऱ्या दुसऱ्या वर्षाच्या पोराला एका दुपारी समजतात, समजावले तर. कठीण आहे ते रांग सोडून देणं, आणि ते तर शहरातल्या पोरांनाही तितकंच कठीण जातं. उलट रांग डोक्यात पक्की बसण्याआधीच शिकवलं तर सोपं जाईल असा माझा अनुभव आहे.

महासंगणक येणार का म्हणता. आला आहे, दुकानात मिळतो. आरटीएक्स ३०५० चं सहा जीबीचं कार्ड घ्या, सध्या वीस हजारांच्या आसपास मिळतं. २,३०४ कोअर. वीज ७० वॅट, म्हणजे छताला लटकलेल्या जुन्या पंख्याइतकी. परम ८००० चा वेग एक गिगाफ्लॉपच्या घरातला. हे कार्ड दुहेरी अचूकतेच्या गणितात मुद्दाम हळू ठेवलेलं आहे, तरी त्यातही परमच्या साधारण शंभरपट, आणि साध्या अचूकतेत काही हजारपट. भटकरांच्या टीमला ज्यासाठी देशाची तिजोरी लागली ते आज एका लग्नाच्या मांडवखर्चात बसतं. आणि तेही नको असेल तर गूगलचं कोलॅब आहे, कॅगल आहे, दर आठवड्याला काही तास कार्ड फुकट वापरू देतात. आमच्याकडे वीज जाते, नेट रडतं, मान्य. पण क्रिकेटची मॅच बघायला पोरं नेट शोधतातच ना.

'आधी पाणी, आधी रस्ते, मग हे चोचले' असंही म्हणणारे असतात. त्यांना मी कापूस दाखवतो. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भाचं काय केलं ते वर्धेकरांना सांगायला नको. तिचं बरंचसं गणित कामगंध सापळ्यात असतं. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले की फवारणीची वेळ झाली समजायची. ते पतंग रोज मोजायचे कोणी? फोटोतले पतंग मोजणारा प्रोग्रॅम शिकवून तयार करायला आज एक गेमिंग कार्ड पुरतं. २०१२ मध्ये फोटो ओळखण्याच्या स्पर्धेत ज्या 'ॲलेक्सनेट'ने जगाला धक्का दिला, तो जीटीएक्स ५८० या गेमिंगच्याच दोन कार्डांवर पाच-सहा दिवसांत शिकला होता. सेलू-देवळीच्या सापळ्यांचे, आपल्या उजेडातले, आपल्या मातीचे डाग पडलेले फोटो हैदराबादचं पोरगं काढणार नाही, ते आपल्यालाच काढावे लागतील. आणि त्यासाठी मुंबईहून ॲप विकत आणायचं, की देवळीच्या पोरीने लिहायचं, एवढाच प्रश्न आहे.

वर्ध्यात बसून एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. १९२९ साली सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर झालं होतं, अखिल भारतीय चरखा संघातर्फे. लोक चरखा म्हटला की एकदम भावुक होतात किंवा एकदम टिंगल करतात, पण त्या बक्षिसाच्या अटी मी इंजिनीअर म्हणून वाचतो तेव्हा टोपी काढावीशी वाटते. उत्पादन किती हवं ते आहेच, पण त्याच्या जोडीला: किंमत दीडशे रुपयांच्या आत, झोपडीत चालला पाहिजे, बाईला आठ तास फार न दमता चालवता आला पाहिजे, वीस वर्षं टिकला पाहिजे, दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त नको. ते बक्षीस कोणालाच मिळालं नाही. अटी पुऱ्या करणं अवघड होतं. पण यंत्र कसं मागावं ते त्या अटींत आहे. वेग किती, हा एक प्रश्न, आणि तो कोणाच्या हातात, किती पैशांत, बिघडल्यावर काय, हे बाकीचे. महासंगणकाच्या निविदेतही खर्च आणि देखभाल असते म्हणा, पण 'कोण चालवणार' या रकान्यात झोपडीतली बाई नसते. हरीश-नारायणन यांचा सारांश त्या अटींच्या जवळचा वाटतो मला, त्यांच्या मनात चरखा नसला तरी.

(आणि 'जीपीयू म्हणजे आधुनिक चरखाच' असं कोणी भाषणात म्हणणार असेल तर कृपा करून नको. कार्ड एका परदेशी कंपनीचं, कुडा त्याच कंपनीची आणि फक्त तिच्याच कार्डांवर चालणारी. सुताराकडून दुरुस्त होत नाही. म्हणूनच ओपनसीएलसुद्धा शिकवा म्हणतो, आणि त्याहून जास्त, पंगत शिकवा. ट्रान्सप्युटर गेला तसं एक दिवस हेही जाईल.)

तर मागणी काय? नवीन मिशन नको, उद्घाटन नको, पाटी नको. विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाने या विषयाच्या सत्तर मार्कांतले तीस चालवून दाखवलेल्या प्रोग्रॅमला द्यावेत. कॉलेजने दोन कार्डं घ्यावीत, स्नेहसंमेलनाच्या ऑर्केस्ट्र्याहून कमी पैशांत येतील. आणि नागपुरात तयार प्रोजेक्ट विकत मिळतात ती दुकानं सगळ्यांना माहीत आहेत. फायनल इयरच्या पोरांना तिथे जायची गरज पडणार नाही एवढं खरं काम त्यांच्या हाताला द्यावं.

प्रश्नपत्रिकेचं म्हणाल तर सात मार्कांचा एक प्रश्न मी काढून देतो, फुकट. वर्धा जिल्ह्याच्या रस्त्यांचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपवरून उतरवून घ्या. आष्टीपासून जिल्ह्यातल्या प्रत्येक गावापर्यंतचं अंतर आधी रांगेच्या रीतीने काढा, मग कार्डावर, पंगतीच्या रीतीने. दोन्ही वेळा लिहा. कार्ड बहुतेक हरेल. का हरलं ते दहा ओळींत सांगा, आणि कसला ग्राफ दिला असता तर जिंकलं असतं तेही. आकृती काढली नाही तरी चालेल.